ते पत्रक माझ्यावर लिहिले गेले

मित्रांनो, माझ्याकडे पाहून कुणी थांबत नाही. चार जाड पाय, चेस्टनटच्या लाकडाची एक लांब फळी आणि फळीच्या कडेला सुरीने पडलेल्या खाचा, एवढाच माझा पसारा. स्वयंपाकघरातले जुने टेबल, दुसरे काय! पण माझ्यावर कोपर टेकून एका माणसाने तीन कादंबऱ्या लिहिल्या आणि एक कागद लिहिला, जेमतेम अर्ध्या पानाचा. त्या कादंबऱ्या आता फारसे कुणी उघडत नाही. मी तुम्हाला त्या अर्ध्या पानाची गोष्ट सांगणार आहे.

मी मूळचा अस्तुरियास नावाच्या डोंगराळ प्रांतातल्या मिएरेस गावचा. आमच्या गावाखालून कोळशाच्या खाणीचे बोगदे गेले होते. एके वर्षी वरच्या अंगाची जमीन खचली आणि तिच्यावरचे चेस्टनटचे झाड आडवे झाले. शुआकु सुताराने ते मिळवले, दोन वर्षे पडवीत सुकवले आणि एकही खिळा न मारता, लाकडात लाकूड अडकवून मला उभे केले. खाणीत दिव्यांची देखभाल करणाऱ्या एका माणसाला मुलीच्या लग्नात द्यायला टेबल हवे होते. चौघांनी मला खांद्यावर घेऊन चढण चढली. वाटेत तीनदा सफरचंदाची दारू प्यायला थांबले. चौथ्यांदा थांबले असते तर मी नदीत गेलो असतो, असे ती मुलगी पुढे हसून सांगायची.

ती ओबदुलिया. तिचा नवरा लेआंद्रो नोरिएगा हा गावच्या शाळेत मास्तर होता. घरात दुसरे टेबल नव्हते. जेवणे उरकली की ओबदुलिया मला ओल्या फडक्याने पुसायची आणि मी सुकायच्या आत तो कागद पसरायचा.

"जरा वाळू दे की रे! तुझे खाणकामगार पळून जातायत का?"

"पळतात, ओबदुलिया. वाक्य गरम असतानाच धरावं लागतं."

"मग धर. कागद भिजला की माझ्या नावानं ओरडू नकोस."

त्याची पहिली कादंबरी खाणीतल्या वायूच्या स्फोटावर होती. कामगारांच्या सभागृहात तिचे जाहीर वाचन झाले. ज्यांना स्वतःला वाचता येत नव्हते, अशी माणसे आठ दिवस रोज कामावरून सुटून थेट तिथे येऊन बसली. दुसऱ्या दिवसापासून गावातला माणूस त्याला नुसते मास्तर न म्हणता 'आपला मास्तर' म्हणू लागला. बाजारातल्या बाईने ओबदुलियाच्या टोपलीत एक अख्खे चीज घातले आणि म्हणाली, "माझ्या भावाचं मरण त्यानं बरोबर लिहिलंय." ते चीज माझ्यावरच कापले गेले. मित्रांनो, त्या दिवसांत माझी छाती फुगली होती, हे मी लपवत नाही.

ती कादंबरी छापणाऱ्या छोट्या छापखान्यात सेसारेओ बुस्तो हा कंपोझिटर होता. त्याचे शिक्षण चौथीपर्यंतचे. छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवून जुळवून त्याची बोटे करडी झाली होती. प्रूफे घेऊन तो रविवारी आमच्याकडे यायचा. बायको एतेल्विना आणि लहानगी निएवेस बरोबर असायच्या. लेआंद्रोला तो मास्तर म्हणायचा, पण घाबरायचा मात्र अजिबात नाही.

"मास्तर, या पानावर एकोणचाळीस स्वल्पविराम आहेत. आमच्या खोक्यात एवढे नसतात. शेवटी मी शेजारच्या छापखान्यातून उसने आणले."

"वाचणाऱ्यानं श्वास कुठे घ्यायचा मग?"

"खाणीतला माणूस आहे तो. त्याला श्वास धरून ठेवायची सवय असते!"

ओबदुलिया एवढी हसली की हातातली उकडलेली चेस्टनट माझ्यावर सांडली. लेआंद्रोलाही हसू आले. त्याने अकरा स्वल्पविराम खोडले.

मग एकोणीसशे चौतीस सालचा ऑक्टोबर आला. खाणकामगारांनी उठाव केला. दोन दिवसांत गावातली चौकी त्यांच्या ताब्यात गेली. सकाळी नऊच्या सुमाराला सेसारेओ धापा टाकत आत आला. त्याच्या खांद्यावर बंदूक होती आणि ती कशी धरायची हे त्याला कळत नव्हते.

"मास्तर, उठावाच्या समितीला पत्रक हवंय. आत्ता. लोक चौकात उभे आहेत आणि त्यांना कुणी काही सांगत नाहीये."

ओबदुलिया पीठ मळत होती. तिने परात उचलून अर्धे टेबल मोकळे करून दिले. लेआंद्रो बसला. आधी त्याने दोन पाने लिहिली. त्यांत इतिहास होता, रोम होते, पहाट होती. सेसारेओने ती उभ्याउभ्याच वाचली.

"छान आहे. पण बाहेर पाऊस पडतोय, मास्तर. पावसात उभं राहून माणूस एवढं वाचत नाही."

लेआंद्रोने रागाने पाने फाडली. त्याच्या टाकाचे टोक कागदातून माझ्या लाकडात टोचत होते. नंतर त्याने एका दमात, न थांबता, अर्धे पान लिहिले. शेवटचे वाक्य होते, 'आजपासून खाणीत उतरणारा माणूस आणि खाणीवर बसलेला माणूस एकाच भाकरीतून खातील.'

सेसारेओने ते वाचले. डोक्यावरची टोपी काढून त्याने ती मुठीत धरली आणि म्हणाला, "वहिनी, हे मी स्वतः जुळवणार." दुपारपर्यंत ते वाक्य मिएरेसच्या प्रत्येक भिंतीवर होते. लहान मुलेसुद्धा ते ओरडत फिरत होती.

उठाव दोन आठवडे टिकला. मग सैन्य आले. कोणत्या घरातून कुणाला ओढून नेले, ते मी ऐकले आहे, पण सगळे सांगणार नाही. लेआंद्रो वरच्या डोंगरात एका गोठ्यात लपला. ओबदुलियाने त्याच्या हस्ताक्षरातला तो कागद शेगडीत घातला आणि राखही पायाने विस्कटली. छापखाना सापडला. सेसारेओही सापडला.

"हे कुणी लिहिलं?" त्यांनी त्याला विचारले.

"मीच."

"मूळ कागद कुठे आहे?"

"कागद कशाला लागतो? मी कंपोझिटर आहे. डोक्यातलं थेट खिळ्यांत जुळवलं."

त्यांनी त्याला पाच दिवस मारले. उत्तर बदलले नाही. तीस वर्षांची शिक्षा झाली. लेआंद्रो डोंगरातून उतरला तेव्हा त्याच्यावर कसला आरोपच नव्हता. छत्तीसच्या फेब्रुवारीत निवडणुकीनंतर कैद्यांना माफी मिळाली आणि सेसारेओ परत आला. त्याचे पुढचे सगळे दात गेले होते. ओबदुलियाने मक्याची भाकरी दुधात कुस्करून त्याच्यापुढे ठेवली.

लेआंद्रो रडत म्हणाला, "मी सांगायला हवं होतं. मी पुढे यायला हवं होतं."

"आणि काय झालं असतं? आत दोघं बसलो असतो." सेसारेओचे शब्द आता फुसफुस करत बाहेर पडत. "पुढचं पुस्तक मी लिहिणार होतो काय? माझे तर 'फ' आणि 'व' पण गेले दातांबरोबर."

"मी तुझं ऋण..."

"मास्तर, स्वल्पविराम कमी करा. तेवढं पुरे."

मित्रांनो, लेआंद्रो वाईट माणूस होता का, असे तुम्ही मला विचाराल. मला ठाऊक नाही. तो घाबरणारा माणूस होता, आणि घाबरणाऱ्या माणसाला ज्या बाजूचा आवाज मोठा असेल तिकडे आणखी मोठ्याने ओरडावेसे वाटते, एवढे मी जवळून पाहिले आहे. त्या उन्हाळ्यात सैन्याने सरकारविरुद्ध बंड केले आणि यादवी सुरू झाली. आमचा भाग प्रजासत्ताकाच्या बाजूला राहिला आणि लेआंद्रो वर्तमानपत्राचा संपादक झाला. कोपऱ्यावरच्या औषधवाल्यावर त्याने शत्रूचा माणूस म्हणून एक लेख लिहिला. डॉन फर्मिन, म्हणजे तुमच्या भाषेत फर्मिनराव, हा रोज चर्चला जाणारा, राजाच्या काळाचे गोडवे गाणारा म्हातारा. ओबदुलियाचा दोन हिवाळ्यांचा खोकला त्याच्याच औषधाने बरा झाला होता. लेख छापून आल्यावर तिसऱ्या दिवशी काही बंदूकवाले त्याला गाडीत घालून घेऊन गेले. रस्त्याकडेच्या चरात त्याचे प्रेत मिळाले.

ओबदुलियाने वर्तमानपत्र माझ्यावर पसरले.

"तू त्याचं नाव लिहिलं होतंस?"

"नाही. वाच ना. नाव कुठेच नाही."

"दुकान लिहिलंस."

तिने ते वर्तमानपत्र दुमडून शेगडीत घातले. त्यानंतर दोन दिवस त्या घरात फक्त भांड्यांचाच आवाज होता.

सदतीसच्या ऑक्टोबरात आमचा भाग बंडखोर सैन्याच्या हाती पडला. शेवटच्या बोटी खिहोनच्या बंदरातून निघाल्या. सेसारेओने त्यांतल्या एका बोटीत लेआंद्रोसाठी जागा मिळवली होती, पण धक्क्यावर बाँब पडू लागले तसा लेआंद्रो गर्दीतून मागच्या मागे घरी पळून आला. सेसारेओ त्याला शोधत धक्क्यावरच राहिला. बोट गेली. दुसऱ्या दिवशी तो तिथेच पकडला गेला.

पुढच्या महिन्यात एक कॅप्टन आमच्याकडे आला. तो लष्करी न्यायालयाचा अधिकारी होता, वागायला अतिशय सभ्य. टोपी काढून त्याने माझ्यावर ठेवली आणि टोपीशेजारी लेआंद्रोची पहिली कादंबरी. ओबदुलिया माझ्या दुसऱ्या टोकाला मसूर निवडत बसली होती.

"डॉन लेआंद्रो, मी हे पुस्तक दोनदा वाचलंय. स्फोटाचं प्रकरण तर अप्रतिम. आमच्याकडे लिहिणारी माणसं कमी आहेत, गोळ्या झाडणारी भरपूर."

लेआंद्रो उभाच होता. कॅप्टनने त्याला त्याच्याच खुर्चीकडे बोट दाखवून बसायला सांगितले. मग खिशातून ते पत्रक काढले. घडीवर फाटलेले, पिवळे पडलेले.

"चौतीसचं आहे. माफी दिली होती म्हणतात, पण ती आम्ही मानत नाही. हे लिहिणारा माणूस सुटणार नाही. बुस्तो नावाच्या कामगारानं तेव्हा कबुली दिली होती. आता अडचण अशी की आमच्यातले काही शिकलेले लोक म्हणतात, चौथी शिकलेला माणूस हे शेवटचं वाक्य लिहूच शकत नाही." तो थोडा थांबला. "आपल्याला काय वाटतं? आपण साहित्यिक आहात."

शेगडीतले कोळसे तडतडत होते. लेआंद्रोचे दोन्ही तळवे माझ्यावर होते आणि ते इतके घामेजले की फळीला चिकटले.

"बुस्तोनंच लिहिलं," तो म्हणाला.

"आपण पाहिलंत?"

"पाहिलं."

"असं लिहून द्याल? म्हणजे आपल्यासाठी काहीतरी करता येईल."

त्याने लिहून दिले. माझ्यावरच, त्याच टाकाने. सही त्याने एका झटक्यात केली, हे मला आजही आठवते. कॅप्टनने कागद वाळवला आणि ओबदुलियाकडे वळून विचारले, "बाई, तुम्हीही तेव्हा इथेच असाल. तुम्ही काय पाहिलंत?"

ओबदुलियाने मसुरातला एक खडा उचलून बाजूला ठेवला. "मी पीठ मळत होते," ती म्हणाली. "माझी मान खाली होती."

सेसारेओला फेब्रुवारीत दफनभूमीच्या भिंतीपाशी उभे करून गोळ्या घातल्या. दोन दिवसांनी एतेल्विना आमच्याकडे आली. काळ्या कपड्यांत ती एवढीशी दिसत होती. आठ वर्षांची निएवेस तिच्या झग्याला धरून होती. साक्ष कुणाची होती, हे एतेल्विनाला कुणी सांगितले नव्हते आणि तिने विचारलेही नाही. लेआंद्रो आतल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतले.

ती ओबदुलियाला म्हणाली, "अगं, त्यांनी मला निकाल वाचून दाखवला. त्यात होतं, 'सदर पत्रकाचा लेखक.' लेखक, ओबदुलिया! माझा सेसारेओ! घरी चिठ्ठी लिहायची झाली तरी काय लिहू म्हणून मला विचारायचा. आणि आतून एवढं मोठं वाक्य बाळगून होता. मला कधी बोलला नाही."

ओबदुलियाने तिचा हात धरला. मग ती एवढेच म्हणाली, "जेवून जा."

लेआंद्रोचा जीव वाचला आणि त्याला ओविएदो शहरात सरकारी नोकरी मिळाली. दुसऱ्यांची पुस्तके वाचायची आणि त्यांतले काय छापायचे नाही ते ठरवायचे, असे त्याचे काम. आम्ही शहरात गेलो. त्याने सत्ताधारी पक्षाचा निळा सदरा घातला, भाषणे केली, विजयी सैन्यावर दोन जाडजूड कादंबऱ्या लिहिल्या. त्या माझ्यावर लिहिल्या नाहीत. पहिल्याच आठवड्यात तो नेहमीप्रमाणे कागद घेऊन स्वयंपाकघरात आला तेव्हा ओबदुलियाने आपले दोन्ही हात माझ्यावर पसरले.

"हे टेबल माझ्या बापानं मला दिलंय. यावर मी अन्न वाढते. तू तुझं कचेरीत लिही."

"एका टेबलावरून काय..."

"कचेरीत लिही, लेआंद्रो."

ती आयुष्यात त्याला सोडून गेली नाही. जाणार कुठे? आणि त्या काळात कुणी जातही नसे. पण त्या दिवसापासून ती त्याच्याशी गरजेपुरतेच बोलली. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. उपासमारीच्या वर्षांत माझ्यावर वाढायला फारसे काही नसायचे, बटाट्याची सालेसुद्धा उकडून खाल्ली जात. माझ्याखाली कोळशाच्या बादल्या आल्या आणि वर न वापरलेली भांडी. ओलीने माझा एक पाय कुजू लागला. कुणाचे लक्ष नव्हते.

बारा वर्षांनी लेआंद्रोचे नव्या साहेबाशी बिनसले आणि निळा सदरा कपाटात गेला. मग तो राजेशाहीवाल्यांच्या बैठकींना जाऊ लागला. तिथे मोठे पद मिळेना, तेव्हा तो धर्माकडे वळला आणि संतांवर लेख लिहू लागला. शहरातल्या कॉफीगृहात लोक म्हणत, "आज कुठला वारा आहे ते नोरिएगाच्या कोटाकडे बघा." तो ऐकायचा आणि कडवट हसून कॉफी प्यायचा. त्या कॉफीत कॉफी नसायचीच, नुसती भाजलेली चिकोरी. घरी आला की बूट काढून बराच वेळ बसून राहायचा.

बासष्ट साली मिएरेसच्या खाणकामगारांनी पुन्हा संप केला. हुकूमशाही ऐन भरात होती, कामगारांना मारहाण होत होती, त्यांच्या बायकांचे केस भादरले जात होते. काही लेखकांनी मंत्र्यांना निषेधाचे पत्र लिहिले. लेआंद्रोने त्यावर सही केली. का केली, मला सांगता येणार नाही. या सहीतून त्याला काही मिळण्यासारखे नव्हते. नोकरी गेली, पुस्तके दुकानांतून गेली. मला वाटते, त्या एका वेळी तो खरा होता. पण त्याच्याबाबतीत खात्रीने काही म्हणायचे मी केव्हाच सोडून दिले आहे.

आम्ही मिएरेसला ओबदुलियाच्या बापाच्या घरी परतलो. गावात एतेल्विना होतीच. नवरा गेल्यापासून तिने नदीत गुडघाभर पाण्यात उभे राहून चाळणीने वाहता कोळसा गोळा केला होता आणि तो विकून मुलीला वाढवले होते. तिच्या नखांतली काळी रेघ आता निघण्यापलीकडची होती. दर गुरुवारी ती ओबदुलियाकडे यायची. दोघी माझ्या दोन्ही बाजूंना बसून पावट्याच्या शेंगा सोलायच्या, नाहीतर लोकरीचे गुंडे करायच्या. ओबदुलियाने माझ्या कुजक्या पायाला खालून नवा तुकडा जोडून घेतला होता.

लेआंद्रो दाराशी ऊन खात बसायचा. एतेल्विना त्याला 'मास्तर' म्हणायची, कारण सेसारेओ म्हणायचा. तो शब्द ऐकला की लेआंद्रो उठून आत जायचा.

हुकूमशहा मेला. सत्त्याहत्तर साली निवडणुका झाल्या. भिंतींवर चुना फासून चाळीस वर्षे झाली होती, तरी चौतीसचे ते वाक्य लोकांच्या तोंडी होते. आता ते उघड म्हणता येऊ लागले, तरुण पोरे सदऱ्यांवर छापून घालू लागली. नगरपालिकेने चौकात त्या वाक्याची शिला बसवायचे ठरवले आणि विद्यापीठातल्या एका बाईंना माहिती जमवायला सांगितले. त्यांचे नाव बेगोन्या. तिशीच्या, चुणचुणीत, हातात टेपरेकॉर्डर.

त्या आल्या तो गुरुवार होता. दोघी म्हाताऱ्या शेंगा सोलत होत्या. बेगोन्याबाईंनी रेकॉर्डर माझ्यावर ठेवला, बटण दाबले आणि लेआंद्रोला विचारले, "डॉन लेआंद्रो, त्या काळचे तुम्हीच एक लेखक आज हयात आहात. ते पत्रक सेसारेओ बुस्तो यांनी लिहिलं असं सगळे मानतात. त्यांनी ते कसं लिहिलं, तुम्हाला काही आठवतं?"

लेआंद्रो तेव्हा ऐंशीच्या घरात होता. गेली पंधरा वर्षे त्याच्या दारात कुणी रेकॉर्डर घेऊन आले नव्हते. त्याने कोट नीट केला. तो ताठ बसला.

"सेसारेओ बुस्तो यांनी ते लिहिलं नाही," तो म्हणाला. "ते मी लिहिलं."

मित्रांनो, यात खोटे काहीच नव्हते. शब्दन् शब्द खरा होता. ज्या वेळी या वाक्यापायी भिंतीपाशी उभे राहावे लागत होते, त्या वेळी ते त्याने सेसारेओला देऊन टाकले. आणि आता चौकात शिला बसणार होती, तेव्हा ते परत मागितले.

एतेल्विनाची बोटे शेंगेत तशीच थांबली.

"मास्तर?" ती म्हणाली. "मग त्याला कशासाठी मारलं?"

रेकॉर्डरची चक्रे फिरत होती, त्यांची थरथर माझ्या फळीत उतरत होती.

तेव्हा ओबदुलिया बोलली. आवाज चढवला नाही, शेंगा सोलणेही थांबवले नाही.

"त्याच्याकडे लक्ष देऊ नका, बाई. म्हातारा झालाय. वाचलेलं आणि लिहिलेलं यांत त्याचा घोळ होतो आता. ते सेसारेओनं लिहिलं. या इथे बसून. बाहेर पाऊस होता. मी पीठ मळत होते, परात उचलून त्याला जागा करून दिली. आधी दोन पानं लिहिली त्यानं, मग फाडली. मग एका दमात लिहिलं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

बेगोन्याबाई गोंधळल्या. "डॉन लेआंद्रो, तुम्ही काय म्हणता?"

त्याने बायकोकडे पाहिले. चाळीस वर्षांत ती त्याच्याबद्दल एवढे बोलली नव्हती. ती मात्र शेंगांकडेच पाहत होती. मग त्याने एतेल्विनाकडे पाहिले, तिच्या काळ्या नखांकडे. त्याच्या खांद्यांतला ताठपणा हळूहळू गेला.

"ती म्हणते ते बरोबर आहे," तो म्हणाला. "माझी गल्लत झाली. सेसारेओचंच आहे ते."

बेगोन्याबाईंनी बटण बंद केले. एतेल्विनाने हातातली शेंग पुन्हा सोलायला घेतली. तिचा विश्वास कशावर बसला, मला सांगता येत नाही. ती अडाणी होती, मूर्ख नव्हती. त्या दिवशी ती लवकर गेली. पुढच्या गुरुवारी ओबदुलिया सकाळपासून चार वेळा दाराशी जाऊन आली. एतेल्विना नेहमीच्या वेळी आली, आपल्या जागेवर बसली आणि म्हणाली, "या वेळचा पावटा किडका निघाला बघ." पण मास्तर हा शब्द तिने परत कधी उच्चारला नाही.

शिलेवर सेसारेओ बुस्तोचे नाव कोरले गेले. लेआंद्रो त्या समारंभाला गेला आणि मागच्या रांगेत उभा राहिला, असे मी ऐकले. त्यानंतरच्या हिवाळ्यात तो वारला. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. ते वाक्य माझ्यावर लिहिले गेले म्हणून संग्रहालयाची माणसे मला न्यायला आली तेव्हा ओबदुलिया म्हणाली, "हे मी देऊन टाकलंय." आणि तिने मला निएवेसच्या घरी पाठवले.

तिथेच मी आज आहे. माझ्यावर सॉसेज भरले जातात, मुले गृहपाठ करतात, गरम भांडी खाली काही न ठेवता टेकवली जातात. टाकाने टोचलेल्या बारीक भोकांत पीठ आणि तेल जाऊन ती केव्हाच बुजली. घरी पाहुणे आले की निएवेसची नातवंडे माझ्यावर थाप मारून अभिमानाने सांगतात, "आमच्या पणजोबांनी ते वाक्य या टेबलावर लिहिलं."

मी लाकूड आहे, म्हणून गप्प बसतो. नाहीतर काय केले असते, कुणास ठाऊक. ओबदुलियाने केले ते बरोबर की चूक, हे इतक्या वर्षांत मला ठरवता आलेले नाही. लिहिणारा एक होता आणि त्याची किंमत मोजणारा दुसरा. एका शिलेवर एकच नाव मावत होते.

मित्रांनो, टेबलाची निगा कशी राखावी हे तुम्हाला तुमच्या घरची मोठी माणसे शिकवतील. ओले फडके फार वेळ ठेवू नये, गरम भांडे थेट टेकवू नये, वर्षातून एकदा तेलाचा हात फिरवावा. माझे मागणे वेगळे आहे. तुम्ही फार दूरचे आहात, म्हणून तुम्हाला हे सगळे सांगितले. कधी मिएरेसला आलात, निएवेसच्या स्वयंपाकघरात बसलात, आणि एखादे पोर माझ्यावर थाप मारून पणजोबांची गोष्ट सांगू लागले, तर मध्ये बोलू नका. ते सांगेल तेवढे ऐकून घ्या, आणि पुढ्यात ठेवलेले खाऊन घ्या.